वर्कल्याच्या वाळूवरची हिरवी सॅक

मित्रांनो, मी एक जुनी हिरवी सॅक आहे. हिरवी ही आपली म्हणायची पद्धत. उन्हाने माझा रंग कधीच नेला, आता मी वाळलेल्या कढीपत्त्यासारखी दिसते. विश्रांतवाडीतल्या एका फ्लॅटमध्ये, दारामागच्या खुंटीवर मी टांगलेली असते. माझी वरची चेन निम्म्यावर येऊन अडते आणि कमरेच्या पट्ट्याचं बक्कल तुटल्यामुळे तिथे गाठ मारलेली आहे. तरीही माझ्याजवळ सांगण्यासारखं पुष्कळ आहे. त्यातलं बरंचसं हेव्याचं आहे, हे आधीच सांगून ठेवते. ज्यांना फक्त गोड गोष्टी आवडतात त्यांनी शेजारच्या खुंटीवरच्या छत्रीला विचारावं. ती पावसाळ्यापुरती कामाला असते आणि उरलेलं वर्ष झोपून काढते. तिला कुणाचा हेवा वाटायचं कारण नाही.

भवानी पेठेतल्या एका गाळ्यात मी जन्मले. तिथे अमीनभाई नावाचे कारागीर बॅगा शिवत असत. दिवसभर मशीनचा खडखडाट, रेक्झिनचा वास आणि पायाशी कापडाच्या कातरणांचा ढीग. खांद्याचा पट्टा शिवून झाला की अमीनभाई तो दोन्ही हातांत धरून सगळ्या ताकदीने ओढून बघत. पट्टा उसवला तर सॅक परत मशीनखाली जाई. मला त्यांनी ओढलं, मान हलवली आणि पुढची सॅक हातात घेतली. माझ्या वाट्याला आलेलं ते पहिलं कौतुक.

मग रविवार पेठेतल्या एका दुकानात मी दोरीला लटकत राहिले. तिथे एके दिवशी कॉलेजात जाणारी एक मुलगी वडिलांना घेऊन आली. तिचं नाव आम्रपाली. तिने मला पाठीवर चढवलं, पट्टे आवळले आणि दुकानातच दोन उड्या मारल्या.

"ही चालेल," ती म्हणाली.

"चालायचं तुला आहे," तिचे बाबा, जयसिंगराव, म्हणाले. "ती नुसती पाठीवर बसणार आहे."

तेव्हापासून मी आम्रपालीची झाले. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड, जिथे जिथे ती गेली तिथे मी तिच्या पाठीवर होते. माझ्यात पाण्याच्या बाटल्या, डबे, दोर, विजेरी, तिचा स्वेटर आणि बरोबरच्या चार जणांचं न मावलेलं सामान असायचं. चढणीवर तिचा घाम माझ्या अस्तरात मुरायचा. वर पोचल्यावर ती मला खाली ठेवून मलाच टेकून बसायची. मित्रांनो, गडाच्या माथ्यावर वारा सुटलेला असताना कुणीतरी आपल्याला टेकून बसावं, यापरतं सुख कुठल्याही सॅकला नसतं.

रविवारी संध्याकाळी आम्ही घरी यायचो. तेव्हा मला रिकामं करण्याचं काम आई करायची. आई म्हणजे आम्रपालीची आई, कुसुमताई, पण मीही तिला आईच म्हणते. ती एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होती. ती डबे काढून घासायला टाकायची, मला गॅलरीत उलटी करून झटकायची आणि मग आम्रपालीजवळ बसून मोबाइलवर गडांचे फोटो बघायची. स्वतः ती कधी आली नाही. एकदा सगळे सिंहगडावर गेले होते, तेव्हा कड्याजवळ जाताच तिला गरगरलं आणि ती गाड्या लावायच्या जागेपाशी जाऊन बसून राहिली. त्या दिवसापासून घरात एक वाक्य ठरून गेलं, की आईला हे जमायचं नाही. कुणी ते वाईट बुद्धीने म्हणत नसे. आईसुद्धा म्हणायची.

पुढे आम्रपालीला खराडीच्या एका कंपनीत नोकरी लागली, आणि तिने नवी सॅक आणली. नारिंगी. अंगाने हलकी, पाठीला हवा लागावी म्हणून मागे जाळी, पावसासाठी पोटात दडवलेलं वेगळं आवरण. तिच्या चेन अशा सरकायच्या की ऐकत राहावं. आम्रपालीने माझ्यातलं सगळं काढून तिच्यात भरलं. माझी रवानगी माळ्यावर झाली, बंद पडलेला कूलर आणि आकाशकंदिलाचा सांगाडा यांच्या मधे.

माळ्यावरून घरातलं सगळं ऐकू येतं. शनिवारी पहाटे नारिंगीच्या चेन वाजायच्या, दार लागायचं, आणि मी अंधारात हिशेब करत बसायची, आता ते नसरापूर फाट्याला पोचले असतील, आता चढण लागली असेल, आता ती कुणाला टेकून बसली असेल. धुळीपेक्षा त्या विचारानेच माझं कापड जास्त विरलं, असं मला आजही वाटतं.

मग आम्रपालीच्या डोक्यात समुद्र शिरला. केरळात वर्कला नावाचं गाव आहे. तांबड्या कड्याखाली समुद्र, कड्यावर कॅफे, गाणी, देशोदेशीचे प्रवासी, आणि लाटांवर फळी घेऊन उभं राहायला शिकवणारे लोक. आम्रपालीने महिनाभर त्याचे व्हिडिओ पाहिले. दिवाणखान्यातल्या सतरंजीवर पालथी पडून ती एका झटक्यात उभी राहायचा सराव करायची. तिची मैत्रीण शाइस्ता बरोबर जाणार होती. पण निघायच्या आठवड्यात शाइस्ता स्कूटरवरून पडली आणि तिच्या पायाला प्लास्टर लागलं.

त्या संध्याकाळचं बोलणं मी माळ्यावरून शब्दन् शब्द ऐकलं. आई स्वयंपाकघरात भेंडी चिरत होती. नोकरीतून तिने नुकतीच स्वेच्छेने निवृत्ती घेतली होती आणि दिवस कसा घालवावा हे तिला कळत नव्हतं.

"मी येऊ का?" तिने विचारलं.

"कुठे?"

"तू चालली आहेस तिथे."

"आई, तिथे लाटांवर उभं राहायचं असतं."

"मी वाळूवर बसेन. वाळूवर बसायला शिकवणी लागत नसेल ना?"

तेव्हा जयसिंगराव पेपरामागून म्हणाले, "घेऊन जा तिला. समुद्र काय आपल्या सोसायटीचा आहे, परवानगी काढायला?"

असं ठरलं. आणि दुसऱ्या दिवशी माळ्याचं दार उघडलं. आम्रपालीचा हात आत आला, त्याने मला धरलं आणि खाली ओढलं. मित्रांनो, त्या एका क्षणात मी काय काय मनात आणलं ते विचारू नका. नारिंगी फाटली असेल, नारिंगी हरवली असेल, शेवटी हिला माझीच आठवण झाली. आम्रपालीने मला फडक्याने पुसलं, पट्टे सैल केले आणि आईच्या पाठीवर चढवलं.

"ही तुला होईल," ती म्हणाली. "जुनी आहे, वाळू लागली तरी चालेल."

आईची पाठ गोल होती आणि खांदे उतरते. पट्टे घसरत. तिने ते छातीवर आणून ओढणीच्या तुकड्याने एकमेकांना बांधून टाकले. माझ्यात तिने पंजाबी ड्रेस, शेंगदाण्याची चटणी, भडंग, दुखण्यावर चोळायचं मलम आणि कापडी पिशव्यांची घडी भरली. कापडी पिशव्या समुद्रावर कशाला, हे ती कुणालाही सांगू शकली नसती. पुणे स्टेशनवर कन्याकुमारीच्या गाडीत चढताना माझ्या पुढे आम्रपाली होती आणि तिच्या पाठीवर नारिंगी. संपूर्ण प्लॅटफॉर्मभर मला तीच दिसत राहिली. जिथे मी असायला हवी होते तिथे ती होती, ताठ, कोरी, एक डाग नसलेली.

वर्कल्याला आम्ही कड्यावरच्या, पण आईसाठी काठापासून बरंच आत असलेल्या एका वसतिगृहात उतरलो. एका खोलीत वरखाली पलंग, निरनिराळ्या भाषांत बोलणारी तरुण मुलं-मुली, दोरीवर वाळत घातलेले टॉवेल. आईने सगळ्यांना भडंग वाटलं, त्यामुळे पहिल्याच दिवशी तिला सगळे ओळखू लागले. नारिंगीला कुलपाच्या कपाटात ठेवलं गेलं, कारण ती महागाची. मला मात्र कुलूप नाही. मी वाळू लागली तरी चालणारी. म्हणून टॉवेल, पाणी आणि मोबाइल माझ्यात भरून आईने मला समुद्रावर नेलं.

तेव्हा मला वाटलं की दैव फिरलं. नारिंगी कपाटात आणि मी आम्रपालीबरोबर. पण किनाऱ्यावर पोचले आणि तिथे ती फळी आडवी पडलेली दिसली.

निळी, लांब, गुळगुळीत. शिबू नावाचा शिकवणारा होता, तिथलाच, उन्हाने रापलेला, मोडकंतोडकं हिंदी बोलणारा. त्याने त्या फळीची दोरी आम्रपालीच्या घोट्याला बांधली. म्हणजे ती पडली तरी फळी तिला सोडून जाणार नाही. मित्रांनो, आम्रपालीने मला कितीदा पाठीवरून उतरवून ठेवलं असेल, पण मला कधी कुणी तिला असं बांधलं नाही. ती त्या फळीवर पालथी झाली, तिला दोन्ही हातांनी कवटाळलं, गाल टेकवला. मी वाळूत, आईच्या चपलांशेजारी. आणि समुद्र तर असा, की त्यात जाणं माझ्या कापडाला शक्यच नाही. नारिंगीशी निदान बरोबरी तरी करता येत होती. पाण्याशी मी काय बरोबरी करणार?

मग माझ्या मनात आलं ते मी लपवत नाही. आम्रपाली पडावी असं मला वाटलं, आणि ती पडलीच. लाट आली, शिबूने फळी ढकलली, ती झटक्यात उठली आणि दुसऱ्या झटक्यात पाण्यात गेली. पुन्हा तेच. पुन्हा तेच. सतरंजीवरचा सगळा सराव समुद्राने एका सकाळी निकालात काढला. गडांवर सगळ्यांच्या पुढे चालणारी आम्रपाली नाकातोंडातून खारं पाणी काढत बाहेर आली तेव्हा मला आनंद झाला. तो फार टिकला नाही. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शिबूने आईला विचारलं, "चेच्ची, आप नहीं आएगा?" तिकडे मोठ्या बहिणीला चेच्ची म्हणतात.

"तिला नाही जमायचं," आम्रपाली सवयीने म्हणाली.

"तैरना आता है?"

"आता है," आई म्हणाली.

आम्रपालीने वळून बघितलं. "तुला पोहता येतं?"

"माहेरी विहिरीत पोहायचो ना आम्ही. आमच्या वस्तीची विहीर वेगळी होती. तिला पायऱ्या नव्हत्या. उडी मारायची आणि दोराने वर यायचं. माझ्या वडिलांनी पाठीला रिकामा डबा बांधून ढकललं होतं मला."

"मला कधी बोलली नाहीस."

"विश्रांतवाडीत विहीर कुठे निघाली, बोलायला?"

शिबूने आईला लांब बाह्यांचा एक घट्ट शर्ट दिला. खाली तिने स्वतःची सलवार ठेवली आणि ओढणी माझ्यात कोंबली. ती पाण्यात शिरली तेव्हा तिच्या चालण्यात एक बदल झाला, तो मला वाळूवरूनही कळला. घरात ती जपून चालायची, वस्तूंना वळसे घालत. पाण्यात ती सरळ गेली.

अर्थात तीही पडली. पण पडून वर येताना ती हसत होती. तिला झटक्यात उठणं जमत नव्हतं, म्हणून ती आधी गुडघ्यावर यायची, मग एक पाय पुढे, मग दुसरा, बसमध्ये जागा सोडून उठावं तशी सावकाश. आणि एका लाटेवर ती तशी उठली ती उठलीच. हात बाजूला, नजर समोर किनाऱ्याकडे, ओली सलवार पायांना चिकटलेली. लाट तिला घेऊन थेट उथळ पाण्यापर्यंत आली. तिथे ती शांतपणे खाली उतरली, जशी विश्रांतवाडीच्या थांब्यावर उतरते.

किनाऱ्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. वसतिगृहातल्या एका मुलीने त्याचं चित्रीकरण केलं होतं. शिबूने आईचा हात धरून वर केला. आम्रपालीनेही टाळ्या वाजवल्या, पण माझ्यातून टॉवेल काढताना तिची बोटं कशी होती ते मला माहीत आहे. तिने तो ओढून काढला. मला ते ओढणं ओळखीचं वाटलं. माळ्यावर मी असंच ओढत असे, मनातल्या मनात, नारिंगीला तिच्या पाठीवरून.

त्यानंतरचे दिवस आईचे होते. ती रोज पाण्यात जाई आणि रोज थोडी जास्त दूर लाटेबरोबर येई. कॅफेतली माणसं तिला हाक मारून बोलवत. कुणी तिच्याबरोबर फोटो काढत. आम्रपाली तिच्या शेजारी बसून लोकांनी विचारलेल्या प्रश्नांची इंग्रजीतून उत्तरं देत असे. तिच्याबद्दल कुणी काही विचारत नव्हतं.

एका दुपारी जेवताना शाइस्ताचा निरोप आला. आम्रपालीने तो वाचून मोबाइल उपडा ठेवला.

"काय म्हणते शाइस्ता?" आईने विचारलं.

"म्हणते व्हिडिओ बघितला, काकू एकदम भारी. आणि म्हणते, तुझाही एखादा व्हिडिओ असेल तर पाठव."

आई हसली. ती हसली नसती तर कदाचित पुढचं झालं नसतं.

"आई, हे लोक टाळ्या का वाजवतात माहितीये का तुला?" आम्रपाली अगदी खालच्या आवाजात म्हणाली. "तुझ्या वयाची बाई सलवार घालून पाण्यात धडपडते, त्याची त्यांना गंमत वाटते. दुसरं काही नाही."

मी खुर्चीच्या पाठीला लटकलेली होते. आईची पाठ मला टेकलेली होती. ती पाठ क्षणभर कडक झाली आणि मग जरा खाली आली, नेहमी असायची तेवढी.

"असेल," आई म्हणाली. तिने ताटातला भात संपवला आणि वेटरकडून पाणी मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर ती पाण्यात उतरली नाही. "खांदा दुखतोय," तिने सांगितलं. "तू जा. मी बसते." शिबूने दोनदा विचारलं, तिने दोनदा मान हलवली.

ती वाळूत बसली आणि तिने मला मांडीवर घेतलं. माझ्याभोवती दोन्ही हात घातले. मित्रांनो, मला पाठीवर घेणारे पुष्कळ झाले, मांडीवर कुणी घेतलं नव्हतं. मला समुद्र आवडत नव्हता, फळी आवडत नव्हती, आई पुन्हा माझ्यापाशी वाळूत बसली होती. मी खूश व्हायला हवं होतं. पण प्रत्येक लाटेला आईचे गुडघे माझ्याखाली हलत होते. लाट फुटायच्या जरा आधी ती पुढे झुकायची, लाट विरली की मागे यायची. तिचा खांदा दुखत नव्हता. सकाळी तिने मला ज्या हाताने उचललं, ज्या खांद्यावर टाकलं, ते सगळं मीच तर अनुभवलं होतं. पण मला बोलता येत नाही.

आम्रपाली एकटी पाण्यात होती. आता समुद्र सगळा तिचा होता, बघायला कुणी नव्हतं, तुलनेला कुणी नव्हतं. तरी ती पडतच राहिली. शेवटी ती बाहेर आली, फळी वाळूवर टाकली, आणि काही न बोलता माझ्या बाहेरच्या कप्प्यातून मलमाची डबी काढली.

"दाखव," ती आईला म्हणाली. "कुठला खांदा?"

"हा." आईने उजवा पुढे केला. आम्रपालीने दाबला.

"दुखतंय?"

"नाही, तो नाही. डावा."

आम्रपालीने डबी उघडली नाही. ती आईच्या समोर बसली, ओली, केसांत वाळू.

"आई, काही दुखत नाहीये तुझं."

"नाही," आईने कबूल केलं.

"मग?"

"तुझं तोंड बघवत नव्हतं."

आम्रपालीने डबी परत माझ्या कप्प्यात ठेवली. मग आम्रपाली म्हणाली, "मला तुझा हेवा वाटला. आईचा कुणाला वाटतो का? मला वाटला. तू पहिल्यांदा उभी राहिलीस ना, तेव्हा मला वाटलं तू पडावंस."

"माहीत आहे मला."

"कसं?"

"मला नाही का वाटायचा तुझा?" आई म्हणाली. "दर रविवारी. तू चिखलाच्या पायांनी घरात यायचीस आणि तोंडभर बोलत राहायचीस, कडा असा होता आणि वारा तसा होता. मी आपली डबे घासत ऐकायची. तुझा हेवा वाटायचा, शाइस्ताचा वाटायचा." मग तिने माझ्यावर हात ठेवला. "या बॅगेचासुद्धा वाटायचा मला. म्हणायची मनात, हिचं बरं आहे. हिला उचलून नेतात."

मित्रांनो, मी तेव्हा वाळूत पडले असते, पण आईने मला धरलं होतं. एवढी वर्षं मी दुसऱ्यांकडे बघून जळत होते. नारिंगीकडे, फळीकडे, समुद्राकडे. आणि ज्या रविवारी मी आनंदात घरी येत होते, त्याच रविवारी मला गॅलरीत झटकणारे हात माझ्याकडे बघून जळत होते. मला त्याची कधी शंकाही आली नाही. ज्याचा हेवा केला जातो त्याला ते बहुतेक वेळा कळतच नाही.

"काल मी जे बोलले," आम्रपाली म्हणू लागली.

"ते लागलं मला," आई म्हणाली. "सकाळपासून वाळूत बसून बघितलं, कमी होईना. आता पाण्यात जाऊन बघते." तिने मला बाजूला ठेवलं, उठली आणि शिबूला हात केला. जाता जाता मागे न बघता म्हणाली, "आणि तू पायाकडे बघतेस. पाय कुठे जात नाहीत."

त्या दिवशी दोघी पाण्यात होत्या. आम्रपाली पडतच होती, पण आता पडली की आईकडे बघून काहीतरी बोलत होती आणि आई तिकडून काहीतरी उत्तर देत होती. लाटांच्या आवाजात मला ते ऐकू येत नव्हतं. त्याचाही मला थोडा हेवा वाटला.

निघायच्या दिवशी सकाळी त्या शेवटच्या उतरल्या. शिबू दुसऱ्या एका शिकाऊला फळीवर चढवत होता. मोबाइल माझ्या पोटात होता. एक मध्यम लाट आली, त्यात आई घसरली आणि पाण्याखाली गेली. तीच लाट पुढे आम्रपालीपाशी पोचली. तिने फळी फिरवली, हात मारले आणि ती उभी राहिली. झटक्यात नाही. आधी गुडघा, मग एक पाय, मग दुसरा. तिची नजर समोर होती, थेट माझ्याकडे. मी जिथे होते तिकडे ती येत होती, दोन्ही हात पसरून, आणि तिचं तोंड उघडं होतं, जसं राजगडाचा शेवटचा टप्पा चढून वर आल्यावर असायचं. मग ती पडली.

आई खोकत वर आली.

"आई, पाहिलंस? मी उभी राहिले."

"नाकात पाणी गेलं गं. कधी?"

"आत्ता."

शिबूने पाहिलं नव्हतं. किनाऱ्यावर एक कुत्रा होता, तो झोपला होता. त्या उभं राहण्याचं चित्रीकरण नाही, फोटो नाही. ते फक्त मी पाहिलं. नारिंगीने नाही, फळीने नाही, कारण फळीला वर बघता येत नाही. मी पाहिलं.

आम्ही पुण्याला घरी पोचलो तेव्हा जयसिंगरावांनी चहा करून ठेवला होता. त्यांनी आईचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. मग त्यांनी आम्रपालीकडे मान वळवली. "आणि आपलं काय?"

"मीही उभी राहिले, बाबा. शेवटच्या दिवशी."

"पुरावा?"

"ती उभी राहिली," आई म्हणाली.

"तू पाहिलंस?"

"पाहायला कशाला पाहिजे? ती म्हणते आहे ना."

जयसिंगरावांनी दोघींकडे आळीपाळीने बघितलं आणि चहात बिस्कीट बुडवलं. आम्रपाली खाली बघून हसली. मग तिने मला बाथरूममध्ये नेलं, बादलीत गोडं पाणी घेतलं आणि स्वतःच्या हाताने धुतलं. शिवणींतून वाळू निघतच होती. खारं पाणी वाळलं की ते शिलाई खातं, चेनमध्ये गंज धरतो. ते तिने बोटांनी, जुन्या ब्रशने, हळूहळू काढलं. तिचे हात मला पुष्कळ दिवसांनी असे लागत होते.

आता मी आईची आहे. सकाळी ती मला पाठीवर टाकून पोहण्याच्या तलावावर जाते. सुट्टीच्या दिवशी कधी कधी आम्रपालीही येते आणि दोघींचे ओले कपडे माझ्यात एकमेकांना चिकटून परत येतात. पण बहुतेक शनिवारी नारिंगीच्या चेन वाजतात, दार लागतं आणि ती गडावर जाते. तेव्हा मला अजूनही हेवा वाटतो. तो गेला असं मी सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवू नका. मात्र नारिंगीने समुद्र पाहिला नाही, तिचा सगळा मुक्काम कुलपात गेला. हल्ली ती मला समुद्राबद्दल विचारते. मी सांगते, पण सगळं सांगत नाही.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. तुमच्या घरात एखादी जुनी सॅक असेल, चेन अडकणारी, रंग गेलेली, तर तिला खारं पाणी लागलं असेल तेव्हा गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. ती अजून पुष्कळ वाहू शकते. आणि तिला माळ्यावर टाकायच्या आधी, घरात जे माणूस दर वेळी मागे राहतं, तुमचे डबे घासतं, तुमचे फोटो मोठे करून बघतं, त्याला एकदा विचारा, तुला कुठे जायचंय का? ते आधी नाहीच म्हणेल. तुम्ही सॅक खाली काढून ठेवा.